मॅक्रो भिंग आणि केंद्रीकरण

मॅक्रो भिंग : अगदी जवळच्या लहान वस्तूचे मोठ्या प्रमाणातील आणि कडेपर्यंत रेखीव छायाचित्र घेता यावे, या हेतूने खास रचना केलेले कॅमेऱ्याचे भिंग. फिल्मवर किंवा अंकीय कॅमेऱ्यातील संवेदकावर पडणारी प्रतिमा प्रत्यक्ष वस्तूएवढी असेल, तर तिचे विवर्धन १:१ आहे असे म्हणतात. ३६ × २४ मिमी. आकाराच्या चौकटीच्या कॅमेऱ्यात या विवर्धनाला ३६ मिमी. लांबीचे फुलपाखरू चौकटीची सर्व लांबी व्यापते. काटेकोर अर्थाने १:१ पासून पुढचे छायाचित्रण ते मॅक्रो छायाचित्रण होय. तथापि व्यवहारात १:२ म्हणजे अर्ध्या आकाराची प्रतिमा देणाऱ्या भिंगांनाही हेच नाव दिले जाते. विवर्धन सु. दहा पटींच्या पुढे गेले की, सूक्ष्मदर्शकाचे क्षेत्र सुरू होते. हा भेद स्पष्ट करण्यासाठी दहा पटींहून कमी विवर्धनाच्या चित्रांना वेगळे नाव द्यावे, असे डब्ल्यू. एच्. वॉल्म्स्ली यांनी १८९९ मध्ये सुचविले आणि त्यातूनच ‘मॅक्रो’ हा शब्द छायाचित्रणात रूढ झाला.

छायाचित्रणाच्या बहुतेक शाखांत केंद्रीकरणाचे काम, म्हणजे वस्तूची प्रतिमा नेमकी रेखीव करण्याचे काम, गेल्या काही दशकांत यंत्राकडे गेले. मॅक्रो छायाचित्रणात मात्र हाताने केंद्रीकरण करण्याची पद्धत टिकून राहिली आहे. याचे कारण छायाचित्रकारांच्या सवयीत नसून प्रकाशकीच्या नियमांत आहे. मॅक्रो भिंगाचा इतिहास आणि त्याची निवड या दोन्ही गोष्टी या नियमांच्या आधारे समजून घ्याव्या लागतात.

प्रकाशकीय पार्श्वभूमी : साधे भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा आपल्या केंद्रांतराएवढ्या अंतरावर तयार करते. वस्तू जवळ येऊ लागली की, भिंग फिल्मपासून पुढे न्यावे लागते. १:१ विवर्धनासाठी ते आणखी एका केंद्रांतराएवढे पुढे सरकावे लागते. यातून तीन अडचणी उद्भवतात.

पहिली अडचण प्रकाशाची. भिंग पुढे गेल्याने तोच प्रकाश अधिक मोठ्या क्षेत्रावर पसरतो आणि १:१ विवर्धनाला फिल्मवर एक चतुर्थांश प्रकाशच पोहोचतो. परिणामी एफ/२.८ हे द्वारक, म्हणजे भिंगाचे प्रकाश आत सोडणारे छिद्र, प्रत्यक्षात एफ/५.६ प्रमाणे वागते. दुसरी अडचण सुस्पष्टतेच्या खोलीची. १:१ विवर्धनाला एफ/८ हे द्वारक वापरले, तरी वस्तूचा सु. १ मिमी. जाडीचा थरच रेखीव दिसतो. एफ/२.८ ला हा थर सु. एक तृतीयांश मिमी. उरतो, तर पाच पट विवर्धनाला तो सु. ०.०४ मिमी. म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी होतो. द्वारक खूप लहान करून ही खोली वाढविता येते. परंतु मग विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना प्रकाशतरंग पसरत असल्यामुळे, सर्वच प्रतिमा मऊ पडते.

तिसरी अडचण फारशी परिचित नाही. पण केंद्रीकरणाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. वस्तू आणि तिची प्रतिमा यांमधील एकूण अंतर १:१ विवर्धनाला कमीत कमी, म्हणजे केंद्रांतराच्या चौपट असते. किमान मूल्याच्या आसपास कोणतीही राशी फारच मंद गतीने बदलते. उदा., १०० मिमी. केंद्रांतराचे साधे भिंग ०.९ विवर्धनापासून १:१ पर्यंत आणले, तर भिंगाला १० मिमी. पुढे जावे लागते. पण रेखीव दिसणारे प्रतल मात्र जेमतेम १.१ मिमी. सरकते. तेथून १.१ विवर्धनापर्यंत भिंग आणखी १० मिमी. पुढे नेले, तर ते प्रतल पुढे न जाता ०.९ मिमी. मागे येते. म्हणजे वस्तुमान प्रतिमेच्या आसपास भिंगावरील केंद्रीकरणाचे कडे फिरविले असता चित्राचा आकार बदलतो, केंद्रीकरण जवळजवळ बदलत नाही. फिल्मपासून ४०० मिमी.पेक्षा कमी अंतरावर असलेली वस्तू तर कडे कितीही फिरविले, तरी रेखीव होऊच शकत नाही. यामुळे जाणते छायाचित्रकार आधी कड्याने विवर्धन ठरवितात आणि मग संपूर्ण कॅमेराच पुढेमागे सरकवून केंद्रीकरण साधतात.

प्रारंभीचा काळ : जवळच्या वस्तूंच्या छायाचित्रणाचे प्रयत्न छायाचित्रणाच्या शोधाइतकेच जुने आहेत. विल्यम हेन्‍री फॉक्स टॅल्बट यांनी १८४० च्या सुमारास सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने कीटकांच्या पंखांच्या प्रतिमा घेतल्या. अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातील जेरिको येथील शेतकरी विल्सन बेंट्ली यांनी भात्याचा कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी हिमस्फटिकाचे पहिले छायाचित्र घेतले. पुढे त्यांनी अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली आणि त्यांतील निवडक चित्रांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील पर्सी स्मिथ यांनी कीटक व वनस्पती यांच्या निकट दृश्यांचे चलच्चित्रपट काढले. त्यांच्या १९१० मधील माशीच्या चित्रपटात माशी जागची हलू नये, म्हणून तिला बांधून ठेवलेले होते. बर्लिनमधील कलाशिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी स्वतः बनविलेल्या कॅमेऱ्याने कळ्या, देठ व बिया यांची तीस पटींपर्यंत विवर्धित चित्रे घेतली. ही चित्रे मुळात विद्यार्थ्यांना नमुने म्हणून दाखविण्यासाठी होती. १९२८ मध्ये ती ग्रंथरूपाने आल्यावर जगभर गाजली.

या काळात स्वतंत्र मॅक्रो भिंग असे काही नव्हते. लांब ताणता येणारा भाता, कमी केंद्रांतराचे भिंग आणि मागच्या बाजूची घासलेली काच एवढीच सामग्री असे. काचेवर पडलेली उलटी प्रतिमा विवर्धक भिंगातून पाहत केंद्रीकरण करावे लागे. काम अतिशय सावकाश चाले; परंतु जे काचेवर दिसे तेच काचपट्टीवर उतरे, हा या पद्धतीचा मोठा गुण होता.

लहान कॅमेऱ्यांचे युग : १९२५ नंतर ३५ मिमी. फिल्मचे हातात मावणारे कॅमेरे लोकप्रिय झाले आणि हा गुण हरवला. या कॅमेऱ्यांत दृश्य पाहण्याची खिडकी व चित्र घेणारे भिंग वेगवेगळ्या ठिकाणी असल्याने जवळच्या वस्तूच्या बाबतीत पाहिलेले एक आणि चित्रित झालेले दुसरे, असा प्रकार होई. यावर उपाय म्हणून कॅमेऱ्याला पाय किंवा तारेची चौकट जोडण्यात येई. चौकट वस्तूला टेकली की, अंतर आणि क्षेत्र दोन्ही आपोआप बरोबर येत. पाण्याखालच्या कॅमेऱ्यांसाठी ही युक्ती पुढेही दीर्घकाळ वापरात राहिली.

खरा मार्ग एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्याने मोकळा केला. या प्रकारात चित्र घेणाऱ्या भिंगातूनच आलेला प्रकाश आरशावरून वर वळवून पाहता येतो. ड्रेझ्डेन येथील ‘इहागे’ कारखान्याने १९३६ मध्ये ‘किने एक्झाक्टा’ हा ३५ मिमी. फिल्मचा असा कॅमेरा बाजारात आणला. १९४९ मध्ये ‘काँटॅक्स एस’ या कॅमेऱ्यात पंचकोनी लोलक बसविण्यात आल्याने डोळ्याच्या पातळीवरून सुलटी प्रतिमा पाहता येऊ लागली. भाते व वाढीव नळ्या यांचा उपयोग यामुळे सुकर झाला; पण त्या जोडल्या की, दूरचे दृश्य घेता येत नसे. हेंझ किल्फिट यांनी १९५५ मध्ये ४० मिमी. एफ/३.५ चे ‘मॅक्रो किलार’ हे भिंग तयार करून ही उणीव दूर केली. अनंत अंतरापासून अगदी जवळच्या वस्तूपर्यंत कोणताही जोड न लावता सलग केंद्रीकरण करणारे ३५ मिमी. कॅमेऱ्याचे हे पहिले भिंग मानले जाते. त्याचा एक प्रकार १:२ पर्यंत, तर दुसरा १:१ पर्यंत जात असे.

जपानमध्ये या भिंगाचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. ग्रंथालयांतील दस्तऐवज सूक्ष्मफिल्मवर उतरविताना रोमन अक्षरांसाठी पुरेशी ठरणारी भिंगे जपानी लिपीतील अनेक रेघांच्या दाट चिन्हांपुढे अपुरी पडत आणि रेघा एकमेकींत मिसळून मजकूर वाचता येईनासा होई. टोकिओ विद्यापीठातील प्राध्यापक कोआना यांच्या आग्रहामुळे निकॉन कंपनीने या प्रश्नात लक्ष घातले आणि १९५६ मध्ये ५ सेंमी. एफ/३.५ चे ‘मायक्रो-निक्कोर’ भिंग बाजारात आले. निकॉनच्या अशा भिंगांच्या नावात ‘मॅक्रो’ऐवजी ‘मायक्रो’ हा शब्द आढळतो. पुढे परावर्ती कॅमेऱ्यासाठी ५५ मिमी. केंद्रांतराची आवृत्ती निघाली. १९६३ च्या आवृत्तीत भिंग पुढे जाताना द्वारक आपोआप थोडे उघडण्याची व्यवस्था होती व त्यामुळे प्रकाशाची घट काही प्रमाणात भरून निघे.

त्याच सुमारास, १९६२ मध्ये, निकॉनने वैद्यकीय उपयोगासाठी २०० मिमी. एफ/५.६ चे ‘मेडिकल-निक्कोर’ भिंग तयार केले. त्याच्या तोंडाशी वलयाकार फ्लॅश दिवा बसविलेला होता. या भिंगाला केंद्रीकरणाचे कडेच नव्हते. पुढे जोडावयाच्या पूरक भिंगांनी विवर्धन आधीच ठरविले जाई आणि नंतर कॅमेरा पुढेमागे नेऊन प्रतिमा रेखीव केली जाई. जखमेचे किंवा व्रणाचे मापन करावयाचे असल्यास विवर्धन निश्चित असणे आवश्यक असते व प्रत्येक भेटीतील चित्र त्याच प्रमाणात आले, तरच रोग हटतो आहे की वाढतो आहे, हे पडताळता येते. वर सांगितलेला प्रकाशकीय नियम या भिंगाच्या रचनेत सरळ उतरलेला दिसतो.

सामान्य भिंगाची रचना दूरच्या वस्तू गृहीत धरून केलेली असते; जवळ आल्यावर त्याची विपथने म्हणजे प्रतिमेतील दोष वाढतात. यावर उपाय म्हणून भिंगातील घटकांचे परस्परांतील अंतर केंद्रीकरणाबरोबर बदलण्याची पद्धत प्रचारात आली. १९८० च्या सुमारास आलेल्या ५५ मिमी. एफ/२.८ च्या मायक्रो-निक्कोरमध्ये ती वापरलेली आहे. संपूर्ण भिंग पुढे न सरकविता आतील काही घटकच हलवून केंद्रीकरण करण्याची पद्धतही याच काळात रुळली. या पद्धतीत जवळ येताना भिंगाचे केंद्रांतरच कमी होत जाते. त्यामुळे १०० मिमी.ची अनेक भिंगे संवेदकापासून सु. ३० सेंमी. अंतरावरच १:१ प्रतिमा देतात.

स्वयंचलित केंद्रीकरण : यंत्राने केंद्रीकरण करणारा पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला कॅमेरा ‘कोनिका सी३५ एएफ’ हा होय. तो १९७७ मध्ये निघाला. १९८१ मध्ये पेंटॅक्सने ‘एमई-एफ’ हा ३५ मिमी.चा स्वयंचलित परावर्ती कॅमेरा आणला. परंतु या तंत्राचा खरा प्रसार १९८५ मधील ‘मिनोल्टा ७०००’ या कॅमेऱ्याने केला. त्यात मोजणीची यंत्रणा आणि मोटर ही दोन्ही कॅमेऱ्यातच होती. भिंगाच्या दोन कडांकडून आलेल्या प्रकाशापासून दोन प्रतिमा तयार करून त्यांतील अंतरावरून प्रतिमा किती व कोणत्या बाजूला बिघडली आहे, हे ही यंत्रणा ओळखत असे. १९८७ मध्ये कॅननने मोटर भिंगातच बसविण्याची पद्धत स्वीकारली. काही वर्षांतच प्रमुख उत्पादकांची स्वयंचलित मॅक्रो भिंगे उपलब्ध झाली.

दूरच्या दृश्यांत वरदान ठरलेली ही यंत्रणा जवळच्या वस्तूंपुढे मात्र अडखळू लागली. मोजणीची यंत्रणा सामान्यतः एफ/५.६ एवढ्या प्रकाशापर्यंत खात्रीने काम करी आणि एफ/२.८ चे मॅक्रो भिंग १:१ ला नेमक्या याच सीमेवर येऊन ठेपे. कड्याच्या फिरण्याने प्रतल फारसे हलत नसल्याने मोटरला प्रतिमा सापडत नसे व ती भिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन परत आणी. तेवढ्यात कीटक उडून जाई. या धावपळीला आवर घालण्यासाठी केंद्रीकरणाची कक्षा मर्यादित करणारी कळ मॅक्रो भिंगांवर बसविण्यात आली. ध्वन्यातीत मोटर असलेल्या भिंगांत, उदा., कॅननच्या २००० मधील १०० मिमी. भिंगात, स्वयंचलित पद्धत बंद न करताही हाताने कडे फिरविण्याची सोय झाली. कंपन रोखणाऱ्या यंत्रणेची जोड निकॉनच्या १०५ मिमी. भिंगाला २००६ मध्ये मिळाली, तर जवळून चित्र घेताना त्रासदायक ठरणारे हाताचे समांतर सरकणेही विचारात घेणारी यंत्रणा कॅननने २००९ मध्ये आणली. याउलट कॅननच्याच १९९९ मधील ६५ मिमी. भिंगाची कक्षा एक ते पाच पट विवर्धनाची आहे व त्यात स्वयंचलित केंद्रीकरण मुळीच नाही. स्वयंचलित केंद्रीकरणात अग्रेसर असलेल्या उत्पादकानेही या विवर्धनाला ते वगळले, ही बाब लक्षणीय आहे.

अंकीय साधने : २००८ पासून आरसा नसलेले कॅमेरे प्रचारात आले. त्यांत संवेदकावरची प्रतिमाच दृश्यदर्शकात दिसते व तिचा हवा तो भाग मोठा करून पाहता येतो. रेखीव कडांवर रंगीत खूण दाखविण्याचीही सोय असते. घासलेल्या काचेवर विवर्धक भिंग धरून पाहण्याची जुनी रीत या साधनांनी एक प्रकारे परत आणली. प्रतलागणिक केंद्रीकरण किंचित बदलत अनेक चित्रे घेऊन त्यांतील रेखीव भाग संगणकाने एकत्र करण्याचे तंत्रही रूढ झाले. ऑलिंपसने २०१५ मध्ये ही क्रिया कॅमेऱ्यातच करण्याची सोय दिली. येथे मोटरचा खरा गुण उपयोगी पडतो. सारख्या लहान पावलांनी, न चुकता, शंभर वेळा सरकणे हे हातापेक्षा यंत्राला चांगले जमते. २०२२ मध्ये सोनीने कीटक ओळखू शकणारा कॅमेरा आणला. २०२१ पासून काही मोबाइल दूरध्वनींतही सु. २ सेंमी. अंतरावरून चित्र घेण्याची सोय आहे. मात्र त्यांच्या लहान संवेदकामुळे सुस्पष्टतेची खोली मुळातच अधिक असते, हे त्यांच्या यशाचे कारण आहे.

भिंगाची निवड : मॅक्रो भिंग निवडताना प्रथम विवर्धन व नंतर कार्यांतर, म्हणजे भिंगाचे तोंड आणि वस्तू यांमधील मोकळे अंतर, पाहावे लागते. १:१ विवर्धनाला ५० ते ६० मिमी. केंद्रांतराच्या भिंगांत हे अंतर सु. ५ ते १० सेंमी., १०० मिमी.च्या भिंगांत सु. १५ सेंमी. आणि १८० ते २०० मिमी.च्या भिंगांत सु. २५ सेंमी. असते. दस्तऐवज, नाणी, तिकिटे यांच्या प्रती घेण्यासाठी कमी केंद्रांतराचे भिंग सोयीचे असते. कारण कॅमेरा उभ्या खांबावर बसवावा लागतो व त्याची उंची मर्यादित असते. सावध कीटकांसाठी लांब केंद्रांतर उपयुक्त असते. मात्र असे भिंग जड असते व हातात स्थिर राहत नाही. सर्वसामान्य उपयोगासाठी ९० ते १०५ मिमी. हा मध्यममार्ग ठरला आहे.

केंद्रीकरणाची पद्धत हीदेखील विवर्धनावरून ठरते. सु. १:४ पर्यंत, म्हणजे मोठी फुले, फुलपाखरांचे थवे, हातातील वस्तू यांसाठी स्वयंचलित पद्धत सामान्यतः पुरेशी असते. १:२ च्या पुढे कक्षा मर्यादित करून ती वापरता येते. १:१ व त्यापुढे कडे स्थिर ठेवून कॅमेरा हलविणे अधिक खात्रीचे असते. तिपाईवर काम करताना दातेरी पट्टीवर कॅमेरा सरकविणारे साधन वापरतात. हातात कॅमेरा असल्यास शरीर किंचित पुढेमागे झुकवून योग्य क्षणी झडप उघडतात. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर पावसाळ्याअखेर फुलणाऱ्या सीतेच्या आसवांसारख्या इवल्या फुलांच्या बाबतीत याचा प्रत्यय येतो. वाऱ्याने डोलणारे फूल मिलिमीटरभराच्या थरात क्षणभरच येते आणि मोटर तेथे पोहोचेपर्यंत ते निघून गेलेले असते. अशा वेळी अंतर आधी ठरवून फुलाची वाट पाहणे श्रेयस्कर असते. मात्र त्यासाठी गुडघे टेकताना भोवतालची रोपे चिरडली जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागते.

समालोचन : रेखीव थर जितका पातळ, तितका तो कोठे ठेवावयाचा हा निर्णय महत्त्वाचा ठरतो. कोळ्याचे जातिनिश्चयन करणाऱ्या अभ्यासकाला त्याच्या डोळ्यांची मांडणी स्पष्ट हवी असते, तर जननांगांच्या रचनेवरून ते करणाऱ्याला डोळे अस्पष्ट राहिले तरी चालतात. यंत्राला कीटक ओळखता येतो. पण त्या चित्राला कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे, हे त्याला ठाऊक नसते. दुसऱ्या बाजूने, अनेक चित्रे जुळवून मिळणाऱ्या संपूर्ण रेखीवतेचा मोहही निर्धोक नाही. त्यासाठी वस्तू पूर्णतः निश्चल असावी लागते आणि त्यामुळे कीटकाला थंडीने बधिर करण्याचे किंवा मारण्याचे प्रकार घडतात. पर्सी स्मिथ यांनी माशी बांधली, त्यामागील अडचण शंभराहून अधिक वर्षांनीही संपलेली नाही. पहाटेच्या गारव्यात स्वाभाविकपणे सुस्त असलेल्या कीटकाजवळ संयमाने जाणे, हा तिच्यावरील जुना व निरुपद्रवी उपाय आहे. स्वयंचलित आणि हातची या दोन पद्धती परस्परविरोधी नसून त्यांचे कार्य वेगवेगळे आहे. ठरविलेल्या प्रतलांतून अचूक पावलांनी जाणे हे यंत्राचे काम व कोणते प्रतल महत्त्वाचे हे ठरविणे पाहणाऱ्याचे काम, अशी विभागणी मॅक्रो छायाचित्रणाच्या सु. पावणेदोनशे वर्षांच्या वाटचालीत स्थिर झाली आहे.